हजामत कुणाच्या डोक्यावर?

जालना जिल्ह्यातल्या मंठ्याच्या कोर्टात दुपारची सुट्टी झाली की बार रूममध्ये डबे उघडतात आणि त्यासोबत तोंडंही. त्या दिवशी विषय होता एका विधी महाविद्यालयाकडून आलेलं पत्र. शेवटच्या वर्षाची काही मुलं-मुली आठवड्यातून एक दिवस तालुक्याला येतील, लोकांचे कागद पाहतील, अर्ज लिहून देतील, गरज पडली तर विधी सेवा समितीकडे पाठवतील. वकील संघानं एक टेबल आणि चार खुर्च्यांची जागा द्यावी, एवढीच विनंती होती. कुणीतरी माहिती पुरवली की हे फॅड बाहेरून आलंय, तिकडे मोरोक्कोतसुद्धा कायद्याची मुलं अशीच वस्त्यांमध्ये बसवतात. त्यावर आमचे एक ज्येष्ठ सहकारी लोणच्याची फोड बाजूला सारत म्हणाले, "पोरांना हजामत शिकायची तर गरिबाचंच डोकं सापडलं का?"

सगळे हसले. मीही हसलो.

योगायोग असा, की मोरोक्कोत अगदी हीच म्हण आहे. 'अनाथांच्या डोक्यावर हजामत शिकतो,' असं तिकडे नवशिक्याला म्हणतात. आपला 'हजामत' हा शब्दही अरबीतूनच आलेला. तेव्हा साहेबांचा टोमणा आयात केलेला नसला तरी जुना आहे, आणि जुन्या टोमण्यांत बहुधा तथ्य असतं. म्हणूनच त्याला हसण्यावारी न नेता उत्तर द्यायला हवं. आक्षेप खरा आहे, फक्त तो चुकीच्या माणसावर घेतला जातोय.

मी हजामत कुणाच्या डोक्यावर शिकलो ते आधी सांगतो. सनद मिळून चार महिने झाले होते. सिनिअर बाहेरगावी आणि एका शेतकऱ्याचा मनाईचा दावा त्याच दिवशी दाखल करायचा होता, कारण शेजारी बांध कोरत होता. मी दावा लिहिला, टायपिस्टकडे बसून टाईप करून घेतला, स्टॅम्प लावला, दाखल केला. चतुःसीमेत पूर्वेचा शेजारी पश्चिमेला आणि पश्चिमेचा पूर्वेला गेला होता. समोरच्या वकिलांनी ते कैफियतीत आणलं. मग दुरुस्तीचा अर्ज, त्यावर म्हणणं, त्यावर तारखा. तेवढ्यात दोन पेरण्या झाल्या आणि बांध गेला तो गेलाच. त्या माणसानं मला दोष दिला नाही. "वकीलसाहेब, तुमचं नवंच हाय," एवढंच म्हणाला आणि ठरलेली फी देऊन गेला. दाखल करण्याआधी तो कागद माझ्याशिवाय एकाही जाणत्या माणसानं वाचला नव्हता. वाचावा असं कुठला नियम सांगत नव्हता. आजही सांगत नाही.

बार रूममधल्या किती जणांची गोष्ट याहून वेगळी आहे? गरिबाच्या डोक्यावर हजामत शिकणं ही आपल्या धंद्याची रोजची रीत आहे. फरक एवढाच, की आपण ती सनद खिशात घालून आणि फी घेऊन शिकलो. शेजारी वस्तरा धरणारा हात नव्हता.

हे असं का, याचा इतिहास फार लांबचा नाही. १९६१ च्या वकील अधिनियमात सनदेआधी प्रशिक्षण आणि परीक्षेची अट होती. १९७३ च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली. नव्वदच्या दशकात बार कौन्सिल ऑफ इंडियानं एक वर्षाच्या उमेदवारीचे नियम केले. १९९९ साली व्ही. सुदीर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द ठरवले, कारण न्यायालयाच्या मते असा नियम करण्याचा अधिकारच कायद्यानं कौन्सिलला ठेवलेला नव्हता. चूक संसदेनं दुरुस्त करायची होती. पाव शतक उलटलं. मधल्या काळात आली ती एक लेखी परीक्षा, जिला कायद्याची पुस्तकं घेऊन बसता येतं. डॉक्टर व्हायला वर्षभर वॉर्डात वरिष्ठांच्या नजरेखाली राबावं लागतं. वकील व्हायला काळा कोट पुरतो.

आता २० मे २०२५ चा निकाल पाहा. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर किमान तीन वर्षं वकिलीचा अनुभव हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा बंधनकारक केलं. कारण स्पष्ट होतं: कॉलेजातून थेट खुर्चीवर आलेल्यांचा अनुभव चांगला नाही. आमच्या बार रूममध्ये या निकालाचं जोरदार स्वागत झालं. मला एकच विचारायचंय. ही तीन वर्षं तो पोरगा कुणावर अनुभव घेणार? आकाशातून पक्षकार उतरणार आहेत का? न्यायाधीशानं कच्चं असू नये म्हणून त्यानं आधी वकील म्हणून कच्चं असावं, असा या व्यवस्थेचा हिशेब आहे, आणि त्याची किंमत चुकवणारा तोच चतुःसीमेवाला शेतकरी आहे.

म्हणून साहेबांचा प्रश्न मी त्यांनाच परत करतो. शिकाऊ हात गरिबाच्या कागदाला लागणारच आहे. तो पदवीच्या आधी, शिक्षकासमोर लागावा, की पदवीनंतर, एकट्यानं?

दुसरा आक्षेप जास्त शहाणा आहे. फुकट वकील मिळतो की! १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, तो १९९५ मध्ये लागू झाला, तालुक्याला समिती आहे. कलम १२ नुसार कुठल्याही स्त्रीला, बालकाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, अपंगाला, कोठडीतल्या आरोपीला उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांपर्यंतची मर्यादा. मग पोरं कशाला?

कारण वकील मिळतो तो खटल्यासाठी, आणि मंठा तालुक्यातले बहुतेक हक्क खटला होण्याआधीच मरतात.

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण शहरातल्या वाचकाला कोर्ट म्हणजे निकाल वाटतो. खेड्यात कोर्ट म्हणजे शेवटचा थांबा, बहुतेक जण त्याच्या कितीतरी आधी उतरलेले असतात. वहिवाटीचा रस्ता शेजाऱ्यानं अडवला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. वडील वारल्यावर तलाठ्यानं फेरफार ओढला, तर नोटीस चावडीवर लागते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. मंडळ अधिकाऱ्यानं तो मंजूर केला तर परतूरच्या प्रांताकडे अपील साठ दिवसांत. गारपिटीनं पीक झोपलं तर विमा कंपनीला ७२ तासांत कळवायची अट कित्येक हंगाम होती, आणि ७२ तास म्हणजे काय हे लोकांना चौथ्या दिवशी कळायचं. या मुदतींवर भांडायला सर्वोच्च न्यायालयातला वकील नको. कागद वाचणारा माणूस मात्र हवा, तोही वेळेत.

आता एक बाई डोळ्यांसमोर आणा. नाव कशाला, माझ्या टेबलासमोर ती दर पावसाळ्यात येते, प्रत्येक वेळी वेगळ्या गावाची असते. पन्नाशीची, हातात कापड दुकानाची कॅरीबॅग, आत आधार कार्ड, रेशन कार्ड, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, एक जुना सातबारा, विजेचं बिल. तिला प्रश्न विचारला तर ती वडिलांच्या आजारपणापासून सुरुवात करते. जालन्याचा दवाखाना, भावाची नोकरी, वहिनीचं बोलणं. मी घड्याळाकडे पाहतो, कारण आत पुकारा होणार असतो. पंचविसाव्या मिनिटाला ती म्हणते, "भाऊ म्हणतो, नुस्ती एक सही कर, वारसाचं काम हाय."

ती एक सही म्हणजे हक्कसोडपत्र असतं. महाराष्ट्रानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क १९९४ साली दिला, देशानं २००५ साली, आणि वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते याची शंकासुद्धा २०२० च्या विनिता शर्मा निकालानं मिटवली. कायद्यात काही कमी नाही. कमी आहे ते त्या पंचविसाव्या मिनिटापर्यंत ऐकणारं माणूस. ते मी नाही. मला त्या दिवशी सोळा मॅटर असतात. खरं सांगायचं तर अनेकदा मी दहाव्या मिनिटाला "कागद घेऊन पुढच्या आठवड्यात या" म्हणून मोकळा होतो, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत दुय्यम निबंधकाकडे अंगठा झालेला असतो.

वीस-बावीस वर्षांच्या मुलीकडे मात्र वेळ असतो. ती त्या बाईशेजारी बाकावर बसेल, पिशवीतला एकेक कागद जमिनीवर लावेल, सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक पाहील, तहसीलमध्ये जाऊन त्याची नक्कल मागेल. नक्कल मागताना तिला पहिल्यांदा कळेल की अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा हे कुठल्याही क्रमिक पुस्तकात नाही. बाईला ती एवढंच सांगेल: सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण सही केल्यावर काय जातं ते हे असं. आणि बाईनं तरीही सही केली, माहेर तुटू नये म्हणून, तर त्या मुलीला आयुष्यभर पुरेल असा धडा मिळेल. तो अभिरूप न्यायालयात मिळत नाही.

अभिरूप न्यायालयावर माझा राग नाही, पण त्याचं एवढं कौतुक ऐकतो म्हणून बोलतो. तिथे वस्तुस्थिती छापील येते. दोन पानं, परिच्छेद क्रमांकासह. पक्षकार खोटं बोलत नाही, लपवत नाही, रडत नाही, मध्येच उठून शेवटची एसटी पकडायला जात नाही. प्रत्यक्षात वकिलीचं बारा आणे काम वस्तुस्थिती शोधण्याचं आहे आणि चार आणे कायद्याचं. आपण विद्यार्थ्यांना चार आणे शिकवतो आणि बारा आण्यांसाठी सनद देतो. जेरोम फ्रँक या अमेरिकन विधिज्ञानं १९३३ मध्येच विचारलं होतं, की डॉक्टरांसारखं रुग्णालय वकिलांच्या शाळेला का असू नये. आपल्या बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमातही दोन खटले पाहायचे, अशिलाच्या दोन मुलाखती ऐकायच्या, वही भरायची, असं आहे. वही कशी भरते हे आपण सगळे जाणतो. एकाची वही आणि चाळीस हस्ताक्षरं.

आणि इथे मला साहेबांच्या बाजूला जावं लागतं, कारण त्यांचा तिसरा मुद्दा बरोबर आहे. "ही विधी साहाय्य केंद्रं म्हणजे फोटो," ते म्हणाले. नॅकच्या फाईलसाठी बॅनर, शाळेच्या पटांगणात शिबिर, सरपंचांचा सत्कार, मुलींना कायदेविषयक मार्गदर्शन, चहा, फोटो, परत. असं एक शिबिर मी स्वतः पाहिलंय. वक्त्यानं घटनेच्या उद्देशिकेवर पाऊण तास भाषण केलं. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं शेवटी हात वर करून विचारलं की निराधार योजनेचे पैसे तीन महिने का आले नाहीत. वक्ता म्हणाला, हा प्रश्न आजच्या विषयाच्या बाहेरचा आहे.

पण हा पुरावा केंद्राविरुद्धचा नाही. केंद्र न चालवता ते चालवल्याचं दाखवण्याविरुद्धचा आहे. नियम पाहा. बार कौन्सिलचे २००८ चे विधी शिक्षण नियम सांगतात की प्रत्येक संस्थेनं विधी साहाय्य केंद्र चालवलंच पाहिजे, ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून. विधी सेवा कायद्याचं कलम ४ राष्ट्रीय प्राधिकरणावर अशा केंद्रांची जबाबदारी टाकतं. २०११ च्या विनियमांत विद्यार्थ्यांना दुर्गम गाव दत्तक घेण्याची सोयही आहे. म्हणजे आमच्याकडे पत्र पाठवणाऱ्या कॉलेजनं मेहेरबानी केलेली नाही. ते कित्येक वर्षं थकलेलं कर्तव्य आहे.

मग घोडं कुठे अडतं? देखरेख करणाऱ्या त्या ज्येष्ठ प्राध्यापकापाशी. बार कौन्सिलचाच नियम ४९ म्हणतो की पूर्णवेळ पगारी नोकर वकिली करू शकत नाही. विधी महाविद्यालयाचा पूर्णवेळ प्राध्यापक पगारी नोकर आहे. म्हणजे एक नियम त्याला सांगतो, केंद्र चालव. दुसरा सांगतो, कोर्टाची पायरी वकील म्हणून चढू नकोस. वकिली करणाऱ्याला दिवसाचे तीन तास शिकवायची मुभा १९७९ पासून आहे, पण शिकवणाऱ्याला गरिबाची एक केस लढवायची मुभा नाही. पोहायला शिकवणाऱ्याला पाण्यात उतरायची बंदी. अशा माणसाच्या हाताखाली रजिस्टरच भरणार, दुसरं काय! विधी साहाय्य केंद्रातून आलेल्या प्रकरणांपुरती तरी प्राध्यापकाला वकीलपत्र घेण्याची परवानगी द्या, ही मागणी वकील संघांनी केली पाहिजे. आपण ती केली नाही. उलट बंदी आपल्याला सोयीची वाटली.

पैशाबद्दल रडगाणं नको. खासगी विधी महाविद्यालयांना अनुदान नाकारणाऱ्या महाराष्ट्र शासनाला १९९५ मध्येच मनुभाई वशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सुनावलं होतं, आणि त्या निकालाचा आधार कोणता होता? अनुच्छेद २१ आणि १९७६ साली आलेला अनुच्छेद ३९-अ, म्हणजे मोफत विधी साहाय्य. चांगले वकील घडवल्याशिवाय गरिबाला साहाय्य कसलं देणार, असा तो तर्क. महाराष्ट्रातल्या विधी शिक्षणाला मिळालेलं अनुदान गरिबाच्या नावावर मिळालंय. गरिबानं त्याची परतफेड मागितली तर ते फॅड?

चौथा मुद्दा कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण डब्याभोवती तो होताच. आपल्या पोटाचं काय? चिल्लर अर्ज, शपथपत्रं, नोटिसा यांवर ज्युनिअरचं घर चालतं, तेच फुकट मिळालं तर? मला तरुण वकिलांची ही भीती खोटी वाटत नाही. पण पिशवीवाली बाई त्यांची पक्षकार नव्हतीच कधी. ती वकील न लावता थेट निबंधकाकडे जाते. तिला आपला हक्क कळला आणि ती वाटपाचा दावा लावायला निघाली, तर समिती तिला पॅनेलवरचाच वकील देईल, आणि भावाला तर वकील विकतच घ्यावा लागेल. धंद्याच्या दृष्टीनंसुद्धा हा हिशेब चुकीचा आहे.

"विद्यार्थ्याला कोर्टात उभं राहता येत नाही, मग उपयोग काय," हाही एक सूर होता. वकील अधिनियमाचं कलम ३२ वाचलंय का कुणी? सनद नसलेल्या व्यक्तीलाही एखाद्या विशिष्ट प्रकरणात उभं राहू द्यायची मुभा ते देतं, आणि ती फक्त न्यायालयाला नाही, कुठल्याही प्राधिकाऱ्याला. रस्त्याच्या प्रकरणात तहसीलदार, फेरफाराच्या अपिलात प्रांत, दोघांनाही. शेवटच्या वर्षाची मुलगी प्राध्यापकाला सोबत घेऊन रस्त्याच्या स्थळपाहणीला उभी राहिली, तर कायद्याचं काही बिघडत नाही. अडवणाऱ्याचं बिघडेल कदाचित.

आणि हे सगळं स्वप्नरंजनही नाही. येरवडा आणि नागपूरच्या कारागृहांतल्या कच्च्या कैद्यांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या पुढाकारानं, राज्य विधी सेवा प्राधिकरणाला सोबत घेऊन, तरुण वकील आणि समाजकार्यकर्ते यांच्या जोड्यांनी काही वर्षं काम केलं आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' १९९० पासून हेच करतोय. दोन्हीकडे गाभा एकच: नवखा माणूस, पण एकटा नाही, वर जाणता हात आणि शेजारी कैद्याच्या घरचा पत्ता शोधणारा कार्यकर्ता. हे शहरात जमतं, तालुक्यात का नाही? छत्रपती संभाजीनगरचं (तेव्हाचं औरंगाबाद) महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ २०१७ पासून आहे. तिथली मुलं उन्हाळ्यात दिल्ली-मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये जातात. जाऊ देत. पण तिथून जालना शेजारीच, आणि जालन्यापासून मंठा साठेक किलोमीटर आहे, एसटी येते.

आता पत्रावर माझा स्वतःचा आक्षेप, म्हणजे मी आंधळा समर्थक ठरणार नाही. कॉलेजनं जुलै ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते एप्रिल असे सत्राप्रमाणे दिवस मागितलेत. हे वेळापत्रक विद्यापीठाचं आहे, मंठ्याचं नाही. आमच्या बंजारा तांड्यांवरची निम्मी घरं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाची उचल, तिचा हिशेब, अंगठा घेतलेला कोरा कागद, मुलीचं घाईत उरकलेलं लग्न, हे सगळं घेऊन माणसं गावात असतात ती मे ते सप्टेंबर. नेमक्या मे-जूनमध्ये पोरं परीक्षा आणि सुट्टीत. डिसेंबरात ती इथे टेबल मांडून बसली, तर समोर रिकामा तांडा आणि दोन म्हातारे दिसतील, आणि मग साहेब म्हणतीलच, बघा, कुणाला गरज नाही.

दुसरी गोष्ट, टेबल कोर्टाच्या आवारात नको. पिशवीवाल्या बाईसारख्या बहुतेक जणी कोर्टाच्या फाटकातून आत येत नाहीत, समन्स आल्याशिवाय. टेबल तहसीलच्या बाहेर, अर्जनवीस आणि मुद्रांक विक्रेत्यांच्या रांगेत, बाजाराच्या दिवशी. तिसरी, निदान एक जण बंजारा बोलीत बोलणारी असू द्या.

हे तिन्ही बदल सुचवून, आणि नियम ४९ बद्दल बार कौन्सिलला लिहावं असा ठराव जोडून, उत्तराचा मसुदा मी गेल्या सोमवारी संघाच्या बैठकीत ठेवला. साहेबांनी तो पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, टेबल कोर्टाचं नसेल तर आमची परवानगी लागतेच कशाला. मला वाटतं, ते बरोबर आहेत. मसुद्यातून परवानगीचा परिच्छेद काढून टाकला आहे. सह्यांसाठी कागद ग्रंथालयाच्या कपाटावर ठेवलाय, आतापर्यंत सात झाल्या आहेत.